पोळा फुटतो, सेलिब्रेट होत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त एका झेरॉक्सचं आहे.

गेल्या पोळ्याला गावी गेलो होतो. गाव खामगाव तालुक्यातलं. नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, बाकीच्यांनी नकाशात शोधू नये, सापडायचं नाही. पुतणी आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. शाळा आणि ट्यूशन दोन्ही खामगावला. मी पोचलो तेव्हा ओसरीवर बसून डोळे मिटून घोकत होती, "रिस्प्लेन्डन्ट, रिस्प्लेन्डन्ट, रिस्प्लेन्डन्ट..."

म्हटलं, हे काय चाललंय? तर तिनं हातातला कागद पुढे केला. ट्यूशनमध्ये वाटलेली झेरॉक्स. वर शीर्षक, 'फेस्टिव्हल एसे : ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी'. खाली चाळीस शब्द, एकापेक्षा एक भारी. ऑस्पिशस, फर्व्हर, एक्झ्युबरन्स, यूफोरिया, अँबियन्स, कॅलिडोस्कोप, क्युलिनरी एक्स्ट्राव्हगन्झा. आणि मागच्या पानावर एक तयार निबंध. त्यात सणाच्या नावाच्या जागी चक्क रेघ मारून मोकळी जागा सोडलेली. दिवाळी आली तर दिवाळी भरा, ईद आली तर ईद, पोळा आला तर पोळा.

पुतणीनं पोळा भरला होता. त्यामुळे तिच्या निबंधात पोळ्याच्या रात्री आमचं घर दिव्यांनी 'इल्युमिनेट' झालं होतं, आम्ही सगळ्यांनी नवे कपडे घालून 'नियर अँड डिअर वन्स'ना मिठाई वाटली होती, आणि शेवटी 'अवर बोव्हाइन कम्पॅनियन्स'ना मानवंदना दिली होती. सगळं अर्थातच 'विथ ग्रेट झील अँड झेस्ट'.

दहापैकी नऊ मार्क!

मी हसलो. पण मग गोठ्याकडे नजर गेली आणि हसू गेलं. कारण मंडळी, आमच्या गोठ्यात बैलच नाही.

२०२२ साली लम्पी आला. त्या वर्षीचा पोळा नीट झाला आणि महिना-दीड महिन्यात आमचा सर्ज्या गेला. अंगभर गाठी, पायाला सूज, शेवटी बसला तो उठलाच नाही. जोडी मोडली. एकट्या बैलाला घेऊन शेतकरी काय करणार? पुढच्या उन्हाळ्यात दादानं दुसराही विकला. आता नांगरटीला भाड्यानं ट्रॅक्टर येतो आणि डवऱ्याला दुसऱ्याची जोडी सांगावी लागते. पोळ्याला आई मातीचे बैल पाटावर मांडते, त्यांना हळद-कुंकू वाहते आणि पुरणपोळीचा घास शेजाऱ्यांच्या बैलाला चारून येते. येताना डोळे पुसत येते, हे पुतणीनं दर वर्षी पाहिलंय. सर्ज्या गेला त्या दिवशी ती शाळेत गेली नव्हती.

यातलं एक अक्षर तिच्या निबंधात नाही. विचारलं तर म्हणाली, "काका, त्याच्यासाठी लिस्टमधे शब्दच नाई ना."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

आता लगेच कोणी म्हणेल, हा आला इंग्रजीच्या नावानं बोटं मोडायला. नाही हो. इंग्रजीवर माझं पोट आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा आमच्या घरात वाद झाला होता आणि मी ते यावं या बाजूचा होतो. आजही आहे. पोरांना इंग्रजी आलं पाहिजे, उत्तम आलं पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. ही यादी म्हणजे इंग्रजी नव्हेच. ते इंग्रजीचं मखर आहे, आणि आत देव नाही.

दादाला हे बोललो तर तो उखडला. "तुले काय जाते बोलाले? तुयं पोट इंग्रजीवर भरते. आमच्या पोरीले मार्क पायजेत. उद्या पुण्याले गेली तं चार शब्द फेकता आले पायजेत का नाई?"

दादाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात इंग्रजीवरून कसं जोखतात, ते मी भोगलंय. म्हणून माझीच एक गोष्ट सांगतो.

कॉलेज संपताना एका कंपनीच्या मुलाखतीला बसलो होतो. समोरच्या गृहस्थांनी सहज विचारलं, तुमच्या भागातला एखादा सण सांगा. मी खूश! निबंध पाठच होता. पोळ्यावर फाडफाड चार वाक्यं टाकली, फर्व्हर वगैरे सगळं घातलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, छान, पण त्या दिवशी तुम्ही नेमकं करता काय?

आणि मी गप्प.

डोळ्यांसमोर सगळं होतं. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी. वर्षभर जू ओढून खांद्यावर घट्टे पडलेले असतात, तो खांदा कोमट पाण्यानं धुवायचा, लोणी-हळद चोळायची. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, माणसाला देतात तसं. सकाळी नदीवर धुणं, शिंगांना रंग, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग. दुपारनंतर गावाबाहेर तोरणाखाली जोड्या उभ्या करायच्या, झडत्या म्हणायच्या, आणि मानाची जोडी पुढे गेली की पोळा फुटतो. त्यानंतर दारोदार बैल न्यायचे, त्यांचे पाय धुवायचे, पुरणपोळी चारायची, आणि बैल घेऊन आलेल्या सालगड्याच्या हातावर बोजारा ठेवायचा.

यातलं मला एकही इंग्रजीत सांगता येईना. 'रिस्प्लेन्डन्ट' येत होतं, 'योक' येत नव्हतं. 'यूफोरिया' येत होतं, खांद्यावरचा घट्टा म्हणजे 'कॅलस' हे माहीत नव्हतं. बैलाची वेसण म्हणजे 'नोज रोप', इतका साधा शब्द, आणि दोनशे बैलांच्या गावातलं पोरगं मुलाखतीत त्याच्यासाठी अडलं! नोकरी मिळाली नाही. सणामुळे नाही मिळाली असं म्हणत नाही, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. नेमकं करता काय?

तर दादा, चार शब्द फेकता येऊन उपयोग होत नाही. मी फेकून पाहिलेत. समोरचा माणूस जाणता असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पाडतो.

आता जरा आपल्याच भाषेकडे बघू. आपल्या सणांची क्रियापदं कधी मोजलीत? पोळा भरतो आणि फुटतो. महालक्ष्म्या येतात, बसतात, जेवतात आणि जातात. नवरात्रात घट बसतात. दसऱ्याला सोनं लुटतात. गुढी उभारतात. होळी पेटते. संक्रांतीला वाण लुटतात. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. एकादशी धरतात, नागपंचमी पाळतात, भुलाबाई मांडतात. प्रत्येक सणाला स्वतःचं क्रियापद आहे आणि त्या क्रियापदात त्या दिवशी काय करायचं ते अख्खं आहे. माझ्या आईच्या तोंडून 'पोळा साजरा केला' असं मी जन्मात ऐकलं नाही. ती म्हणते, "औंदा पोळा फुटाले लय उशीर झाला."

इंग्रजी निबंधात मात्र सगळ्यांचं एकच होतं. सेलिब्रेट. महालक्ष्म्या सेलिब्रेट, पोळा सेलिब्रेट, पितरांची घागरही सेलिब्रेट! आणि या एका क्रियापदाचा गरिबीपणा झाकायला मग विशेषणांचा ढीग रचायचा. चाळीस शब्दांची ती यादी मी पुन्हा पाहिली. चाळीसांत एकही करण्याचा शब्द नाही. वाटणं, दळणं, चोळणं, भिजवणं, सारवणं, बांधणं, सोडणं, काही नाही. ज्याला ॲडव्हान्स्ड म्हणतात ती सगळी रंगसफेदी. भिंत कुठाय?

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं, शाळेतला निबंध तो. पण ही रंगसफेदी निरुपद्रवी नाही. ती दोन गोष्टी झाकते.

एक म्हणजे कष्ट. यादीतल्या एका तयार वाक्यात घरातल्या बायका 'जॉयसली' पक्वान्नं करतात असं होतं. मी ते वहिनीला मराठी करून वाचून दाखवलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडे सोळा भाज्या लागतात. ज्वारीची आंबील, कढी, भजी, वर पुरणपोळी. वहिनी आणि आई पहाटे चारला उठतात आणि सवाष्णी-ब्राह्मण, गणगोत जेवून दुपार कलली की मग स्वतःच्या ताटावर बसतात. वहिनी हातातला पाटा न थांबवता म्हणाली, "कोनं लिवलं हे? त्याले म्हना, ये एखादवेळा पुरन वाटाले." वहिनीला आनंद नसतो असं नाही. पण तो कमरेच्या दुखण्यासकट असतो, आणि क्युलिनरी एक्स्ट्राव्हगन्झा म्हटलं की कंबरही गेली आणि वहिनीही गेली. उरलं फक्त ताट. तसाच बोजारा गेला, म्हणजे सालगडी गेला. ज्यानं वर्षभर बैलामागे चालून काढलं, त्याच्या हाती त्या दिवशी चार पैसे पडतात, ही पोळ्यातली सगळ्यांत खरी गोष्ट. 'बोव्हाइन कम्पॅनियन्स'च्या गर्दीत त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुःख. सण हा काही फक्त आनंदाचा दिवस नसतो. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असतं तिथे दिवाळीला गोडाचं काही तळत नाहीत, शेजारचे आणून देतात. लेक माहेरी आली नाही तर महालक्ष्म्यांपुढे आईचं लक्ष दाराकडे असतं. पिकाला भाव नसला की पोळ्याला झूल जुनीच धुऊन घालतात. सण म्हणजे घराचा वर्षाचा हिशेब. कोण आहे, कोण नाही, काय मिळालं, काय गेलं. आणि आपण पोरांना असे शब्द देतो आहोत ज्यात गेलेलं काही मांडताच येत नाही. रिकाम्या खुंटीसाठी यादीत शब्दच नाही.

आता ज्यांना वाटतं की इंग्रजीची शानच अशी आहे, मोठे शब्द लागतातच, त्यांच्यासाठी थोडं जुनं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात पोळा आहे. मोल्सवर्थ साहेबांनी त्याला भारदस्त इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसण्याचा खटाटोप केलेला नाही. अमावास्येचा गुरांचा सण, त्या दिवशी बैलांना कामातून मोकळीक, त्यांना रंगवतात, सजवतात, मिरवतात, पूजतात. झालं. करण्याची क्रियापदं, एकामागे एक. ज्याची मातृभाषा इंग्रजी होती त्याला पोळा सांगायला एवढं पुरलं.

पुढे १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश आला. त्यात दिवाळी आहे, होळी आहे, दसरा आहे, पूजा आहे. स्पेलिंगं गमतीदार, पण शब्द आपलेच. म्हणजे जिथे प्रतिशब्द नव्हता तिथे इंग्रजांनी आपला शब्द मुकाट उचलला. आणि आम्ही आज आमच्याच पोरांना सांगतो की 'पूजा' लिहू नकोस, 'सेक्रेड रिच्युअल' लिही, मार्क जास्त पडतात!

बरं, आपल्या माणसांनी इंग्रजीत काय केलं? इरावती कर्व्यांचा पंढरीच्या वारीवरचा लेख १९६२ साली इंग्रजीत आला आणि परदेशातल्या विद्यापीठांत वाचला गेला. त्यात बाई चालतात, दमतात, बरोबरच्या बायकांशी बोलतात, आणि एकत्र चालणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हे त्यांना खुपतं, तेही लिहितात. अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' १९७६ साली थेट इंग्रजीतच आलं आणि दुसऱ्या वर्षी त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. शब्द असे की आठवीच्या पोराला बहुतेक कळावेत. या दोघांचं इंग्रजी कच्चं होतं असं म्हणण्याची कोणाची टाप आहे?

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला आखाजीला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, करंजी, विड्याचं पान. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन बघायचं, कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, आणि त्यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगायचं. माझा भाकितावर विश्वास नाही, ते सोडा. पण हे इंग्रजीत सांगायला काय लागेल? मिस्टिकल अँबियन्स? अजिबात नाही. ढेकळासाठी 'क्लॉड' लागेल. ओलं झालं, विरघळलं, सरकलं, ही तीन क्रियापदं लागतील. माझ्या मते 'क्लॉड' हा ॲडव्हान्स्ड शब्द. 'ऑस्पिशस' हा प्राथमिक. कारण ऑस्पिशस कुठेही चिकटतो, आणि क्लॉड लिहायला ढेकूळ पाहिलेलं असावं लागतं.

आणि आता तर नवीनच झालंय. ती चाळीस शब्दांची यादी पाठ करण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाइलला सांगितलं की तो दहा सेकंदांत असा निबंध काढून देतो, व्हायब्रंट टेपेस्ट्री वगैरे सगळं घालून, एकही चूक न करता. दादाला मी हेच म्हटलं. अरे, जे फोनला फुकट येतं ते शिकवायला तू पोरीची महिन्याची फी भरतोयस. फोनला काय येत नाही माहीत आहे? सर्ज्याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं, आणि पोळ्याला त्याला शेंबी बसत नसे म्हणून आबा तिथे कापडाची घडी बांधत, हे फोनला येत नाही. ते तुझ्या पोरीलाच येतं.

दादा काही बोलला नाही. तंबाखू मळत बसला.

दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या सकाळी पुतणी वही घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, काका, आपण दुसरा लिहून पाहू. मी अट घातली, यादी पेटीत. जे झालं तेवढंच लिहायचं, आणि शब्द अडला तर मला विचारायचा. तिनं दोन तासांत मला सतरा शब्द विचारले. सगळे अवजारांचे आणि करण्याचे. जू, खुंटी, दावं, गव्हाण, चोळणं, हुंगणं. आवतनाला शब्द विचारला तेव्हा मी 'इन्व्हिटेशन' म्हटलं. ती म्हणाली, मग असंच लिहिते, वी गेव्ह द बुलक ॲन इन्व्हिटेशन. त्यात काय अवघड आहे! बोजारा तिनं बोजाराच ठेवला आणि पुढच्या वाक्यात काय ते सांगितलं. फुटण्याला मात्र आम्ही दोघं अडलो. शेवटी तिनं लिहिलं की रांग मोडली आणि सगळे बैल घराकडे पळाले, फक्त आमच्या दाराशी कोणी थांबलं नाही.

मी ते वाक्य वाचलं आणि पाणी प्यायला म्हणून आत गेलो.

गोष्टीचा शेवट गोड नाही, आधीच सांगतो. तो निबंध तिनं ट्यूशनमध्ये दाखवला. दहापैकी सहा. खाली लाल शाईत शेरा, व्होकॅब्युलरी सुधारा. पुतणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. तिला उगीच मार्क घालवायला लावले. पण तीच म्हणाली, "जाऊ द्या काका, परीक्षेत लिस्टवालाच लिहीन. हा मागच्या पानावर ठेवलाय." आठवीतल्या पोरीला हे कळलं की एक निबंध मार्कांचा असतो आणि एक आपला. तिचं कौतुक वाटलं. पण तेरा वर्षांच्या पोरीला खरं वहीच्या मागच्या पानावर ठेवायला आपण शिकवतो आहोत, याची लाजही वाटली.

ट्यूशनवाल्या सरांना दोष देऊन मी मोकळा होत नाही. त्यांनाही कोणी तरी हेच शिकवलंय, आणि पालकांना हेच हवंय. दोष मार्क देणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. पाहुण्यांपुढे पोराला 'जरा इंग्लिशमधे बोलून दाखव' म्हणणारे आपण, भारी शब्द आला की टाळ्या वाजवणारे आपण. निबंध तपासणारे कोणी हे वाचत असतील तर एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी सणाचा निबंध हाती आला की सणाचं नाव झाकून वाचा. कोणता सण ते कळलं नाही तर शब्द कितीही भारी असोत, मार्क कापा. आणि नाव झाकूनही कळलं, तर स्पेलिंगच्या चुका माफ करा.

असो. बरंच लांबलं.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या घरी येत्या सणाला काय करतात त्याचं एक क्रियापद खाली लिहा. साजरा करतात हे सोडून. नातेवाईक मंडळींनी तर लिहाच, विशेषतः मोठीआईनं कोणाकडून तरी लिहवून घ्यावं, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतील. सगळी जमवून पुतणीला पाठवणार आहे. तिची एक नवी यादी होईल, आणि इंग्रजीत त्यांचं काय करायचं ते ती आणि मी बघून घेऊ.